जुन्या संगणकावर तान संथ करायची होती: एका गायनवर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गायनाचा एक जुना वर्ग आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना इथली मुलं बसतात. वर्ग ज्यांनी सुरू केला ते गुरुजी आता हयात नाहीत. त्यांच्या शिष्या, ज्यांना लहानथोर सगळे ताई म्हणतात, त्या वर्ग चालवतात. तबला शिकवायला एक सर येतात. वर्गाची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. बाकीचं ताईंच्या परवानगीने लिहितो आहे.

गुरुजींची एक सवय होती. शिकवणी चालू असताना ते शेजारी टेप लावून ठेवत. त्यामुळे सी-६० आणि सी-९० कॅसेटांचा मोठा साठा ताईंकडे राहिला. त्यात बंदिशी आहेत, आलाप आहेत, ताना आहेत, आणि मध्येच थांबून दिलेल्या सूचना आहेत: इथे गमक नको, नुसता कण लाव, इथे मींड खालून घे. (गमक म्हणजे स्वर जोराने हलवणं, कण म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं.) बाजारात मिळणाऱ्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात हे सापडत नाही, म्हणून हा साठा मोलाचा. वर्गाच्या एका माजी विद्यार्थ्याने या कॅसेटा संगणकावर उतरवून घेतल्या. प्रत्येक बाजू ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली.

पुढची मागणी मुलांकडूनच आली. गुरुजींची तान त्यांना उचलता येत नव्हती. मध्यलय तीनताल मिनिटाला १२० मात्रांचा धरला आणि तान चौगुनीत (एका मात्रेत चार स्वर) असली, तर सेकंदाला ८ स्वर होतात, म्हणजे एका स्वराला १२५ मिलिसेकंद. त्यात कण कुठे लागला हे नवख्या कानाला कळत नाही. तान संथ ऐकायला मिळाली तर कळेल, पण पट्टी, म्हणजे सुराची उंची, मात्र तीच राहिली पाहिजे.

अडचण नेमकी काय होती

स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर पूर्वी लोक वेग निम्मा करून ऐकत. तेव्हा गाणं बरोबर एक सप्तक खाली जायचं. ऐकण्यापुरतं ते चाले, पण तानपुरा लावून सोबत गायचं असेल तर अडचण, आणि आवाजाचा पोतही पार बदलून जाई. पट्टी न हलवता लय कमी करायची तर संगणकाला खरोखरीची आकडेमोड करावी लागते. अडचण इथेच होती, कारण वर्गाकडचे संगणक जुने होते.

गावातल्या एका माध्यमिक शाळेने संगणक कक्ष नवा केला, तेव्हा जुनी यंत्रं वर्गाला दिली होती. त्यातलं सर्वांत बरं यंत्र कोअर २ ड्युओ ई७५०० चं, २.९३ गिगाहर्ट्झ, २ जीबी रॅम, त्यावर ३२ बिटांची विंडोज ७. त्याच्या खालोखाल दोन पेन्टियम ड्युअल कोअर. आणखी एकाचा मदरबोर्ड गेलेला. एक अॅथलॉन एक्सपीच्या काळातलं. शिवाय एका पालकांनी दिलेलं छोटं नेटबुक: ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी.

अॅथलॉनचं यंत्र लगेच बाजूला ठेवलं गेलं आणि ते योग्यच झालं. त्या प्रोसेसरमध्ये एसएसई२ नावाच्या सूचना (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञांचा एक संच) नाहीत, आणि गेल्या अनेक वर्षांतले बरेचसे ध्वनीचे प्रोग्राम त्या सूचना आहेत असं धरूनच बांधलेले असतात. असा प्रोग्राम तिथे हळू चालत नाही, तो सुरूच होत नाही. जुन्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर निवडताना रॅमच्याही आधी हे तपासावं.

इंटरनेटबद्दल ताईंचं मत पक्कं होतं: वर्गातल्या संगणकांना जोडणी नको. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि एक्सपीचा त्याच्याही आधी, एप्रिल २०१४ मध्ये. तेव्हा ही यंत्रं जाळ्याबाहेर ठेवणं सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरोबरच होतं. मात्र त्यामुळे ऑनलाइन सेवांचा पर्याय पहिल्याच दिवशी संपला. मुलांच्या फोनचाही विचार झाला. फोनवर वेग कमी करून ऐकता येतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण लहान मुलांकडे स्वतःचा फोन नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्या फोनवर रियाजाच्या मध्येच संदेश येऊन पडत. घरी फोन वापरा, वर्गात नाही, असं ठरलं.

आवाज ताणण्याच्या दोन रीती

पुढचे निर्णय समजायला थोडं तंत्र लागेल.

पहिली रीत तुकडे करून जोडण्याची. आवाजाचे काही डझन मिलिसेकंदांचे तुकडे घ्यायचे, त्यातले काही पुन्हा वाजवायचे, आणि दोन तुकड्यांच्या लहरी जिथे जास्तीत जास्त जुळतात तिथे सांधा घालायचा. ब्रुसेल्सच्या व्हेरहेल्स्ट आणि रोलँड्स यांनी १९९३ मध्ये याची जी सुधारित कृती मांडली ती डब्ल्यूसोला नावाने ओळखली जाते. व्हीएलसी प्लेअर वेग कमी करताना याच जातीची पद्धत वापरतो, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधली साधी लय बदलण्याची क्रियाही साउंडटच या याच घराण्यातल्या ग्रंथालयावर (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार आज्ञांच्या संचावर) चालते. प्रोसेसरला हे काम फार हलकं असतं.

दुसरी रीत फेज व्होकोडरची. १९६६ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी ती मांडली. आवाजाच्या छोट्या खिडक्या घेऊन प्रत्येकीतल्या कंपनसंख्या वेगळ्या काढायच्या, त्यांच्या कला (फेज, म्हणजे लहर कंपनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) नव्या वेगाला जुळवायच्या आणि आवाज परत बांधायचा. रबर बँड हे ग्रंथालय या वाटेने जातं, त्यावर बऱ्याच सुधारणा करून. याला आकडेमोड बरीच लागते.

दोन्हींचे दोष वेगवेगळे आहेत, आणि आपल्या संगीतात ते अगदी ठळक ऐकू येतात. तुकडे जोडणाऱ्या रीतीत एकटा गळा छान राहतो. एका वेळी एकच सूर असल्याने लहरी सहज जुळतात. पण मागे तानपुरा आला की गोंधळ सुरू होतो. ‘काळी एक’च्या पट्टीत (पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज) खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ, म्हणजे एक कंपन साडेचौदा मिलिसेकंदांचं. प्रोग्राम सांधा शोधायला जी जागा घेतो ती याहून तोकडी असली, तर त्याला जुळणारी जागा सापडत नाही आणि तानपुरा थरथरतो. तबल्याचा आघात तर कधी दोनदा वाजतो, कारण तो ज्या तुकड्यात होता तोच पुन्हा आलेला असतो.

फेज व्होकोडरमध्ये तानपुरा आणि गळा दोन्ही शांत राहतात. तबला मात्र पसरतो. २०४८ नमुन्यांची (नमुना म्हणजे ध्वनीचं एक मोजमाप) खिडकी ४४.१ किलोहर्ट्झला ४६ मिलिसेकंदांची होते, आणि तबल्यावरचा आघात त्याहून कितीतरी लहान. तो आघात खिडकीभर सांडतो, आणि ‘तिरकिट’मधली चार अक्षरं एकमेकांत मिसळतात.

समोर आलेले पर्याय

व्हीएलसी सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची ३.० आवृत्ती एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वरही चालते, म्हणजे नेटबुकसुद्धा कामाला येणार. कळफलकावरच्या चौकटी कंसांच्या कळांनी वेग थोडा थोडा बदलता येतो, आणि प्रगत बटणं दाखवली की ‘अ’पासून ‘ब’पर्यंतचा भाग फिरवून फिरवून ऐकता येतो. तालमीला हे एक बटण फार उपयोगी आहे. ८५ टक्क्यांपर्यंत आवाज चांगला वाटला. ५० टक्क्यांवर मात्र तानपुऱ्याची थरथर असह्य झाली.

ऑडॅसिटीवर माजी विद्यार्थ्याचा भर होता, कारण कॅसेटा त्याने त्यातच उतरवल्या होत्या. साध्या क्रियेबरोबरच त्यात एसबीएसएमएस पद्धतीची, संथ पण चांगल्या दर्जाची ताणही मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीपासून तर ध्वनिपट्टीची कड ओढूनच ती लांबवता येते, मूळ ध्वनीला हात न लावता. पण नव्या आवृत्त्यांचा रोख नव्या विंडोजवर आहे. २ जीबीच्या यंत्रावर लांब फाइल उघडली की हार्ड डिस्क सारखी खरखरत राही. हिशोब केला तर कारण कळतं. ऑडॅसिटी आत ३२ बिटांत काम करते, त्यामुळे स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे २१ एमबी लागतात. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे ९५० एमबी. ती निम्म्या लयीला ताणली की आणखी १.९ जीबी, आणि मागे फिरता यावं म्हणून जुनी प्रतही राखलेली. जुन्या, अर्ध्या भरलेल्या डिस्कवर हे झेपत नाही. दुसरी भीती ताईंनी बोलून दाखवली: ते संपादनाचं साधन आहे, एखाद्या मुलाने चुकून मूळ फाइलवर जतन केलं तर काय?

सोनिक व्हिज्युअलायझर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातला. वाजवताना वेग कमी करायला तो रबर बँडच वापरतो, आणि शिवाय आवाजाचं चित्र दाखवतो. मींड कशी चढते ते डोळ्यांना दिसतं. मला स्वतःला हा पर्याय फार आवडला. ताईंनाही तो स्वतःच्या अभ्यासासाठी आवडला. दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर मात्र पडद्यावर इतकं काही होतं की गाणं राहिलं बाजूला.

ट्रान्सक्राइब आणि अमेझिंग स्लो डाउनर ही खास याच कामाची, पैसे मोजून घ्यायची साधनं. खुणा करणं, भाग फिरवणं, पट्टी बारीक हलवणं हे त्यांत सुटसुटीत आहे. एकट्या वादकाने स्वतःसाठी घ्यायचं असेल तर मी आधी यांच्याकडे बघायला सांगेन. वर्गाला ती अनेक यंत्रांवर लागणार होती, आणि जी यंत्रं उद्या बंद पडू शकतात त्यांच्यासाठी परवाने विकत घेणं ताईंना पटलं नाही.

शेवटचा पर्याय माजी विद्यार्थ्याने सुचवला. सर्वांत बऱ्या यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली घालायची आणि रबर बँड आज्ञेने चालवायचं. पडदा नाही, बटणं नाहीत. फाइल द्यायची, संथ फाइल मिळवायची.

निर्णय कुठे वळला

चर्चा बराच काळ ‘कोणता प्रोग्राम चांगला’ या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. प्रत्येक वेळी उत्तर एकच येई: चांगला आवाज देणारा प्रोग्राम या यंत्रांवर अडखळतो, आणि न अडखळणारा तानपुरा थरथरवतो. या कोंडीतून बाहेर काढणारा प्रश्न तबल्याच्या सरांनी विचारला. ही आकडेमोड मूल समोर बसलेलं असतानाच का करायची?

गुरुजींची तान काही रोज बदलत नाही. ७० टक्क्यांची तीच तान आज, उद्या आणि पुढच्या वर्षी लागणार. मग ती एकदाच, हवा तेवढा वेळ घेऊन ताणून ठेवावी, आणि मुलांच्या यंत्रांनी फक्त तयार फाइल वाजवावी. फाइल वाजवणं ॲटमच्या नेटबुकलाही सहज जमतं.

एवढं ठरल्यावर पर्यायांचा क्रमच बदलला. जुन्या यंत्रावर हलका म्हणून व्हीएलसी, हा युक्तिवाद ताणण्याच्या कामापुरता गळून पडला. वाजवण्यासाठी मात्र तोच पक्का झाला. रबर बँडच्या ३.० आवृत्तीत, २०२२ मध्ये, आर३ हे नवं आणि अधिक भारी इंजिन आलं. चालू आवाज ताणायला ते या यंत्रांवर कुणी सुचवलंही नसतं. रात्रभर यंत्र चालवायचं असेल तर ते किती सावकाश चालतं याला महत्त्व उरत नाही. सगळ्या प्रकरणातली कळीची जागा हीच, असं मला वाटतं. जुन्या संगणकाकडे वेग नसतो, पण रात्र असते.

कानांची परीक्षा

इंजिन निवडायला तीन नमुने काढले. तानपुऱ्यासह विलंबित आलाप, ठेक्यासह तान, आणि नुसता तबला, त्यात ‘तिरकिट’ भरपूर. प्रत्येकाची तीन रूपं केली: साउंडटचचं, रबर बँडच्या जुन्या आर२ इंजिनाचं आणि नव्या आर३ चं. फाइलींना नुसते क्रमांक दिले. ताई, सर आणि विशारदच्या दोन मुली ऐकायला बसल्या. कुठली फाइल कशातून आली हे त्यांना सांगितलं नव्हतं.

आलापात आर३ बिनविरोध पुढे होतं. तानेतही तेच, पण सरांनी एक हरकत नोंदवली: ठेका मऊ झालाय, ‘धिं’ची कड गेली. नुसत्या तबल्यात आर२ ला त्याच्या सर्वांत ‘कुरकुरीत’ पातळीवर चालवलेलं रूप सरांनी निवडलं. त्या पातळीवर खिडकी आखूड होते, म्हणून आघात कमी पसरतो. साउंडटचचं रूप ८५ टक्क्यांना सरांना तेवढंच चाललं.

म्हणून एकच इंजिन सगळ्याला लावलं नाही. गाण्याला आर३, तबल्याच्या पाठांना आर२. कुठल्याही माहितीपत्रकातून हे कळलं नसतं. ज्या सामग्रीवर काम करायचं तीच ऐकावी लागते, आणि ती ज्यांना शिकवायची आहे त्यांनीच ऐकावी लागते.

किती संथ, यावरचा वाद

विद्यार्थ्यांना ५० टक्के हवं होतं. ताईंचा विरोध होता, आणि त्यांचं कारण मला आजही महत्त्वाचं वाटतं. तीनतालाच्या एका आवर्तनाची, म्हणजे १६ मात्रांची, तान १२० मात्रांच्या लयीत ८ सेकंद चालते. एका दमात ती येते. ७० टक्क्यांवर तिला साधारण साडेअकरा सेकंद लागतात. जरा कठीण, पण सरावाने जमतं. ५० टक्क्यांवर १६ सेकंद. तिथे मूल मध्येच कुठेतरी दम तोडतं, आणि दम तोडण्याची ती जागा पुढे मूळ लयीतही तशीच चिकटून राहते. गमकाचंही तेच. वेगात जो झोल असतो, तो निम्म्या लयीत दोन वेगळे स्वर वाटायला लागतो, आणि मुलं ते दोन स्वर म्हणूनच घोटतात.

तोडगा असा निघाला: सोबत गाण्यासाठी ७० आणि ८५, आणि फक्त ऐकण्यासाठी ५०. ५० च्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवल्या, नावातच ‘ऐका’ लिहून.

पट्टीचा प्रश्नही इथेच आला. गुरुजी काळी एकमध्ये गात, वर्गातल्या बहुतेक मुली काळी चारमध्ये. पाच अर्धस्वर खाली किंवा सात वर. आवाजाची घडण शाबूत ठेवून पट्टी हलवण्याची सोय रबर बँडमध्ये आहे, पण एवढ्या अंतरावर गळा परका वाटायला लागतो. ताईंनी पट्टी हलवायची नाही असं ठरवलं. गुरुजींच्या पट्टीत ऐकायचं आणि आपल्या पट्टीत गायचं, हे मुली समोरासमोरच्या शिकवणीतही करत आल्याच होत्या.

काय काय केलं

मदरबोर्ड गेलेल्या यंत्रातली रॅम काढून कोअर २ ड्युओमध्ये बसवली, ४ जीबी झाली. त्यावर ३२ बिटांची विंडोज असली तरी प्रोसेसर ६४ बिटांचा होता, म्हणून ६४ बिटांचं डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) घालता आलं. इथे एक इशारा द्यायला हवा: प्रोसेसर ६४ बिटांचा आहे एवढं पाहून भागत नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ सारख्या प्रणालींना त्याहून नव्या सूचनासंचाची गरज असते, आणि कोअर २ च्या पिढीत तो नाही. ॲटम एन२७० तर निव्वळ ३२ बिटांचा. त्याला एक्सपी आणि व्हीएलसीवरच ठेवलं.

ध्वनीची तयारी ताणण्याच्या आधी झाली पाहिजे, नंतर नाही. कॅसेटा मोनो होत्या, पण स्टिरिओ म्हणून उतरवल्या गेल्या होत्या. त्या मोनो केल्या तेव्हा काम निम्मं झालं आणि दोन बाजूंच्या कला एकमेकींपासून सरकण्याचा धोकाही गेला. खरखर काढायचा मोह आवरला. जोरकस सफाईनंतर उरलेला आवाज ताणला की पाण्यात बुडबुडे उठल्यासारखा ऐकू येतो. थोडी खरखर बरी.

सर्वांत जास्त वेळ कॅसेटच्या वेगाने खाल्ला. प्रत्येक टेपरेकॉर्डर किंचित वेगळ्या वेगाने फिरतो, आणि काही कॅसेटांत पेटी पाव स्वर चढी लागत होती. ५० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे सुमारे २.९ टक्के. हा दोष लयीत आणि पट्टीत एकदमच असतो. तो काढायला पट्टी बदलण्याची किंवा लय बदलण्याची क्रिया वापरली तर एक बाजू सुधारते आणि दुसरी तशीच राहते. तिथे साधा वेगबदलच लागतो, टेपचं चाक हळू फिरवण्यासारखा, ज्यात दोन्ही एकत्र हलतात. ऑडॅसिटीत या तीन क्रिया शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतला फरक ज्याला नीट कळला त्याचं अर्धं काम झालं. आकड्यांचाही घोळ होतो: ऑडॅसिटीत लय ‘उणे ३०’ म्हणजे ७० टक्के लय, आणि लांबी १४३ टक्के. रबर बँडला लयही सांगता येते आणि लांबीही, पण वेगवेगळ्या खुणांनी. एका कागदावर हे तक्त्यासारखं लिहून यंत्राशेजारी चिकटवलं.

मग रात्रीची कामं सुरू झाली. माजी विद्यार्थ्याने एक छोटी आज्ञावली लिहिली: फोल्डरातली प्रत्येक फाइल घ्यायची, तिची तीन रूपं करायची, पुढची घ्यायची. गावात रात्री वीज जाते, म्हणून त्याने एक काळजी घेतली. फाइल तयार होत असताना तिला तात्पुरतं नाव, पूर्ण झाल्यावरच खरं नाव. वीज आली की आज्ञावली खरं नाव असलेल्या फाइली सोडून पुढून सुरू करते. अर्धवट फाइल मुलांपर्यंत जात नाही. चार ओळींचं काम, पण ते नसतं तर सगळी व्यवस्था पहिल्या पावसातच विस्कटली असती.

तयार फाइली १२८ किलोबिटच्या मोनो एमपी३ केल्या, मिनिटाला एक एमबीहून कमी. ताणली गेली ती मूळ वेव्ह फाइल, एमपी३ कधीच नाही, कारण एमपी३ ने टाकून दिलेल्या गोष्टींची भोकं संथ लयीत उघडी पडतात. मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक ताईंच्या घरी.

काय निष्पन्न झालं

मुलांनी पेन्टियमची दोन यंत्रं आणि नेटबुक रोज वापरायला घेतलं. व्हीएलसीत फाइल उघडायची, दोन खुणा करायच्या, तान फिरवत ठेवायची, शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा. पट्टी हललेली नसल्यामुळे तानपुरा आणि गुरुजींचा गळा एकत्र लागतात. पेटीची पाव स्वराची दुरुस्ती आधीच केली नसती तर हे जुळलंच नसतं.

मध्यमा परीक्षेच्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला असं ताईंचं निरीक्षण आहे. कण आणि मुर्की (झटकन घेतलेला स्वरांचा छोटा गुच्छ) आता ती मुलं स्वतः ओळखून सांगतात. प्रारंभिकच्या मुलांसाठी ताईंनी या फाइली बंदच ठेवल्या आहेत. आधी समोर बसून शिका, असं त्यांचं म्हणणं. तबल्याचे सर तयार फाइली कमीच वापरतात. त्यांना शिकवता शिकवता वेग हलवायचा असतो, ८५ वरून ९० वर, तिथून ८० वर. त्यांच्यासाठी व्हीएलसीचा चालू वेगबदलच सोयीचा, आणि त्या टप्प्यात तो आवाजही बरा देतो. हा अपवाद कुणी मोडायचा प्रयत्न केला नाही.

अडलं ते शेवटच्या पायरीवर. ८५ टक्क्यांवर स्वच्छ गाणारी मुलं १०० वर अडखळतात. ८५ ते १०० हा टप्पा ७० ते ८५ पेक्षा सोपा असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गळ्याला वेगाच्या वरच्या टोकालाच जास्त बारीक पायऱ्या लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

पायऱ्यांचं आधी विचारायला हवं होतं. समान गुणोत्तराने उतरलं तर १००, ९२, ८५, ७८, ७२ अशी शिडी मिळते, प्रत्येक पायरी आधीच्या साधारण ९२ टक्के. डिस्कवर त्याला विशेष जागा लागत नाही. आता ९२ च्या फाइली करायला घेतल्या आहेत.

कानांची परीक्षा सर्वांत आधी व्हायला हवी होती. ती लिनक्स घालून झाल्यावर झाली. नमुन्यांसाठी कुणाचाही नवा लॅपटॉप एका दुपारपुरता मागून आणला असता तरी चाललं असतं. निकाल वेगळा लागला असता आणि ताईंना साउंडटचच पुरेसा वाटला असता, तर यंत्राची उलथापालथ वाचली असती. ज्या वर्गात फक्त गळा आणि पेटी आहे, तानपुरा ध्वनिमुद्रणात नाही आणि ७५ टक्क्यांखाली जायचं नाही, तिथे नुसता व्हीएलसी घ्यावा आणि इथेच थांबावं, असं मी सांगेन.

कॅसेटांची पट्टी तपासण्याचं काम उतरवून घेतानाच झालं असतं तर काही फाइली दोनदा ताणाव्या लागल्या नसत्या. पेटीचा षड्ज कितीवर आहे ते प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला मोजून वहीत लिहायचं, एवढंच.

आणि एक गोष्ट अजून बाकी आहे. आज्ञावली, तिच्यातली मूल्यं, कुठल्या पाठाला कुठलं इंजिन लावलं, हे सगळं एकट्या माजी विद्यार्थ्याच्या डोक्यात आहे, आणि तो नोकरीनिमित्त पुण्याला असतो. कोअर २ ड्युओची डिस्कही जुनीच आहे. ती बदलण्याआधी ही सगळी माहिती मराठीत लिहून काढायची, म्हणजे विशारदच्या त्या दोन मुलींपैकी कुणीही ती वाचून नवी फाइल तयार करू शकेल, असं ठरलं आहे. त्यांतल्या एकीने तबल्याच्या पाठांचा भाग लिहायला घेतला आहे.